कुजबुजरावांचा गुरुवार

आमच्या नाटक कंपनीत एक गृहस्थ असे होते, की ते तीस वर्षं प्रत्येक प्रयोगाला हजर असत आणि प्रेक्षकांनी त्यांना एकदाही पाहिलं नाही. ते आमचे प्रॉम्प्टर. विंगेत एका तिपाईवर बसायचे, मांडीवर संहिता, हातात करंगळीएवढी बॅटरी. कुणाची जीभ अडली की पुढच्या वाक्याचा पहिला शब्द त्याच्या कानात सोडायचे. फक्त पहिला. दुसऱ्या शब्दासाठी कुणी डोळ्यांनी खुणावलं तरी द्यायचे नाहीत. "एका शब्दानं ज्याची गाडी सुरू होत नाही, त्याला मी पानभर ढकलली तरी काय उपयोग?" असं म्हणायचे. कंपनीनं त्यांचं नाव कुजबुजराव ठेवलं आणि तेही त्या नावाला ओ देऊ लागले.

ते नवीन होते तेव्हाची गोष्ट. मी त्या वेळी कंपनीची नायिका, आणि माझ्या नाकावर माशी बसत नसे. तिसऱ्या अंकात माझ्या हातात एक पत्र यायचं, मी ते उघडायची आणि बोलण्याआधी थांबायची. ते थांबणं मी महिनाभर घोटलं होतं. पहिल्या प्रयोगात मी थांबले, सगळं थिएटर थांबलं, आणि विंगेतून शब्द आला. माझ्या त्या सुंदर शांततेत तो शब्द ताटात खडा पडावा तसा पडला.

पडदा पडल्यावर मी त्यांना सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. शिंपी, मेकअपवाला, सुतार, सगळे ऐकत होते. "माझा क्षण खाल्लात तुम्ही," असं काहीबाही बोलले. कुजबुजराव खाली मान घालून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी तालमीच्या तासभर आधी येऊन दारात उभे.

"बाई, माणूस विसरतो ते मला कळतं," ते म्हणाले. "थांबतो ते कळत नाही. तुम्ही थांबता कशा, ते मला बघू द्या."

आठ दिवस त्यांनी मला निरखलं. नवव्या दिवशी चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "सापडलं. विसरलेला माणूस श्वास सोडतो. थांबलेला माणूस श्वास धरून ठेवतो." बारा वर्षं रंगभूमीवर काढून मला स्वतःबद्दल हे माहीत नव्हतं. त्यानंतर कंपनी बंद पडेपर्यंत त्यांनी माझ्या एकाही विरामात शब्द टाकला नाही.

पुढे कंपनी मिटली. माझे गुडघे गेले, त्यांचे केस गेले. दोघांची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर, म्हणून सोमवारी ते माझ्याकडे चहाला यायचे. एकदा मी म्हटलं, गुरुवारी दुपारी एक नाटक आहे, जाऊ या.

"गुरुवारी नाही जमणार. गुरुवारी माझा प्रयोग असतो."

"कुठल्या कंपनीत हो? आणि मला न सांगता?"

"चर्चमध्ये," ते म्हणाले आणि बिस्किट चहात बुडवलं.

मग मी त्यांच्याकडून एकेक काढून घेतलं. त्यांच्या चर्चच्या दारात एक फळा आहे. त्यावर कामांचा कागद लावलेला असतो: झाडलोट, वेदीवरची फुलं, आजाऱ्यांच्या भेटी, बाकांची डागडुजी. ज्याला जे करायचं असेल त्यानं त्यापुढे नाव लिहायचं. कुजबुजराव तीन रविवार त्या कागदापुढे उभे राहिले. झाडलोट करायला पाठ वाकत नाही, फुलांतलं कळत नाही, सुतारकामात बोट ठेचून घेतील. चौथ्या रविवारी त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि कागदाच्या तळाशी स्वतःच एक ओळ वाढवली: "ज्यांना शब्द आठवत नाहीत, त्यांच्याजवळ बसणे." पुढे स्वतःचं नाव.

फादरनी विचारलं, "हे काय काम आहे?"

"माझं एवढंच काम आहे, फादर," कुजबुजराव म्हणाले. "तीस वर्षं केलंय."

त्या चर्चच्या वस्तीत, म्हणजे धर्मग्रामात, म्हातारी माणसं पुष्कळ. कुणाला अर्धांगाच्या झटक्यानंतर नातवंडांची नावं सापडेनात, कुणाला रोजची प्रार्थना अर्ध्यात सुटे. दर गुरुवारी दुपारी कुजबुजराव अशा घरी जाऊन बसायचे. प्रार्थना सुरू करायची, अडली की पहिला शब्द द्यायचा, पुन्हा वाट बघायची. बस्स.

"आणि यातून तुम्हाला काय मिळतं?" मी विचारलं. आयुष्यभर टाळ्या खाल्लेल्या बाईला दुसरं काय सुचणार?

त्यांनी कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "आमची ही गेली, तेव्हाचं तुम्हाला ठाऊक नाही. मी दर रविवारी मिस्साला जायचो, पण तोंड उघडायचं नाही. सगळे प्रार्थना म्हणताहेत आणि मी दगडासारखा. माझ्या मागच्या बाकावर एक शिवणबाई बसायच्या. चर्चच्या खोलीत मुलींना शिवण शिकवायच्या, एवढीच ओळख. एका रविवारी माझ्या कानाशी शब्द आला. ओळीचा पहिला शब्द. दुसरा नाही. बाई, मी धंद्यातला माणूस. तेव्हाच ओळखलं, ही बाई कसलेली आहे."

"मग तुम्ही म्हणालात?"

"दोन वर्षं नाही म्हणालो. दोन वर्षं दर रविवारी, प्रत्येक ओळीला, त्या बाईनं शब्द दिला. एकदाही म्हणाल्या नाहीत, की बाबा रे, आता तरी तोंड उघड. एका रविवारी माझ्या तोंडून ओळ आली. पूर्ण आली. त्या दिवसापासून त्यांनी शब्द देणं बंद केलं." कुजबुजरावांनी चष्मा पुसला. "तो शब्द काय त्यांनी एकट्यानं दिला? ज्यानं त्यांच्या तोंडून तो मला पाठवला, त्याच्यासाठी मी काहीतरी करायला नको? आणि मला दुसरं येतंय काय?"

त्याच शिवणबाई आता सगळं विसरत चालल्या होत्या. कुजबुजरावांचा गुरुवारचा शेवटचा थांबा म्हणजे त्यांचं घर.

मी देवाच्या दारात फारशी न गेलेली बाई. पण ही गोष्ट ऐकल्यावर घरी बसवेना. पुढच्या गुरुवारी मी काठी घेतली आणि त्यांच्याबरोबर निघाले.

शिवणबाईंचं घर त्यांच्या नवऱ्याच्या चष्म्यांच्या दुकानावर. लाकडी जिना, वर एक लांबट खोली, खिडकीशी झाकण घातलेलं शिवणयंत्र, आणि खोलीभर यंत्राच्या तेलाचा मंद वास. चष्मेवाले हडकुळे, हसतमुख, एक चष्मा नाकावर आणि दुसरा कपाळावर. मुलगी शाळेत शिकवायची, दुपारी घरी यायची. शिवणबाई खुर्चीत ताठ बसलेल्या. त्यांनी कुजबुजरावांना आपादमस्तक न्याहाळलं.

"मापं द्यायला आलात?"

"हो, घ्या ना," म्हणत कुजबुजराव हात लांब करून उभे राहिले.

बाईंनी गळ्यातली टेप काढली, खांद्यापासून मनगटापर्यंत लावली. "साडेतेवीस. उजवा खांदा उतरलाय तुमचा. कसलं काम करता?"

"पुस्तक धरून बसायचं."

"मग उतरणारच," बाई म्हणाल्या.

हे दर गुरुवारी व्हायचं. दर गुरुवारी माप साडेतेवीसच यायचं आणि दर गुरुवारी बाईंना तो माणूस नवा असायचा.

त्याच महिन्यात चष्मेवाल्यांनी मनातली गोष्ट बोलून दाखवली. त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. त्या चर्चमध्ये अशा दिवशी नवरा-बायको वेदीपुढे उभे राहून लग्नातलं वचन पुन्हा म्हणतात. चारच ओळींचं:

मी तुला आपलं मानलं.
सुखात मानलं, दुःखात मानलं.
बळ असताना आणि बळ सरल्यावर.
माझा श्वास आहे तोवर.

"फादर म्हणतात, ते स्वतः वाचतील, हिनं नुसती मान हलवली तरी चालेल," चष्मेवाले म्हणाले. "पण पन्नास वर्षांपूर्वी हिनं मान नव्हती हलवली. बोलली होती. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं होतं. मला ते एकदा ऐकायचंय. पुढच्या वर्षी मी कोण, हेच तिला ठाऊक नसेल."

मुलगी भांडी आवरता आवरता थांबली. "बाबा, तुम्हाला ऐकायचंय ते ठीक. आणि तिथे दोनशे माणसांपुढे ती गोंधळली तर? रडायला लागली तर? आयुष्यभर जिनं सगळ्यांना शिकवलं, तिचं हसं झालेलं मी बघणार नाही."

दोघांनी कुजबुजरावांकडे पाहिलं. ते म्हणाले, "चार महिने आहेत. बघू या."

दर गुरुवारी कुजबुजरावांच्या मांडीवर चर्चची पुस्तिका आणि त्या चार ओळी. पहिल्या महिन्यात प्रत्येक ओळीला शब्द लागायचा. दुसऱ्या महिन्यात दुसरी ओळ बाई आपली आपण म्हणू लागल्या. तिसऱ्यात, कधी कधी, चारही. पण तिसऱ्या ओळीच्या मध्यावर, "बळ असताना" म्हटल्यावर, हटकून थांबायच्या. कुजबुजराव तिथे कधी शब्द द्यायचे, कधी नुसते बसायचे. मला त्यातला ताल कळेना.

आणि मग मी ती चूक केली. प्रसंगाला साडेपाच आठवडे राहिले होते. बाई "बळ असताना" म्हणाल्या आणि थांबल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. डोळे रिकामे, ओठ सैल. चेहरे वाचण्यात मी जन्म घालवला होता. मला वाटलं, गेलं, ही विसरली. कुजबुजराव गप्प. माझ्या जिभेला राहवलं नाही. आणि कुजबुजणं मला कुठून येणार? शेवटच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या आवाजात, हात उंचावून, मी म्हणाले, "आणि बळ सरल्यावर."

शिवणबाई दचकल्या. त्यांनी दोन्ही कान झाकून घेतले. "कोण ओरडतंय? हे कुणाचं घर आहे?" म्हणत त्या रडू लागल्या. चष्मेवाले त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मुलगी मला जिन्यापर्यंत सोडायला आली.

"मावशी, राग मानू नका. पण तुमचं नाटक तुमच्या थिएटरात ठेवा," ती म्हणाली. मला राग आला नाही. ती हे हळू आवाजात बोलली, याचंच मला नवल वाटलं.

खाली रस्त्यावर मी कुजबुजरावांची वाट बघत उभी राहिले. मला तो पत्राचा प्रसंग आठवत होता, आणि त्या रात्री मी सगळ्यांदेखत काय काय बोलले होते तेही. आज त्यांची पाळी होती. त्यांनी सव्याज बोलून घेतलं असतं तरी मी मान खाली घातली असती.

ते आले, माझ्या काठीच्या बाजूनं चालू लागले आणि म्हणाले, "तुम्ही चेहरा बघत होतात, बाई. त्यांचा चेहरा आता काही सांगत नाही. श्वासही सांगत नाही, तो नेहमीच तुटका असतो. बोटं बघायची. बाई खरंच विसरल्या की बोटं मांडीवर पडून राहतात. आणि आत काही शोधत असल्या की उजव्या हाताचं बोट आणि अंगठा शिवायला लागतात. सुई नसते, दोरा नसतो, पण टाके घालत असतात. तेव्हा बोलायचं नाही."

"मघाशी ती शिवत होती?"

"शिवत होती."

मी एका दुकानाच्या पायरीवर बसले. ते शेजारी उभे राहिले. मग म्हणाले, "पुढच्या गुरुवारी या. मात्र तोंड घरी ठेवून या." आणि हसले.

त्यानंतर तीन गुरुवार शिवणबाईंनी त्या ओळींतला एक शब्दही उच्चारला नाही. मापंही घेतली नाहीत. कुजबुजराव हात लांब करून उभे राहायचे, मग हात खाली घेऊन बसायचे. पहिली ओळ सुरू करायचे, वाट बघायचे, पुस्तिका मिटायचे. चौथ्या गुरुवारी बाईंनी गळ्यातली टेप काढली. साडेतेवीस. पाचव्या गुरुवारी दोन ओळी आल्या. मुलीनं बजावलं, "आई जरा जरी घाबरली तरी मी तिला बाहेर नेणार. मग वचन राहिलं तरी चालेल." चार ओळी काही परत आल्या नव्हत्या. आणि वचनाचा रविवार तीन दिवसांवर होता.

त्या रविवारी चर्च भरलं होतं. मी कुजबुजरावांशेजारी पहिल्या बाकावर बसले. वेदीपुढे चष्मेवाले नव्या पांढऱ्या शर्टात, कपाळावरचा चष्मा आज घरी ठेवलेला. शेजारी शिवणबाई, गळ्यात टेप तशीच. ती काढायला त्या तयार नव्हत्या, आणि मुलीनंही हट्ट केला नव्हता. कुजबुजरावांच्या मांडीवर पुस्तिका उघडी, बोट पहिल्या ओळीखाली.

चष्मेवाल्यांनी आपल्या ओळी म्हटल्या. आवाज दोनदा हलला. मग फादर बाजूला सरले.

कुजबुजरावांनी पहिला शब्द दिला. मी शेजारी होते म्हणून मला तो ऐकू आला, मागच्या बाकाला नाही. बाईंनी तो घेतला आणि ओळ पूर्ण केली. दुसरी आपली आपण म्हटली. मग, "बळ असताना."

आणि थांबल्या.

मी रंगमंचावर खूप शांतता पाहिल्या आहेत. दहा मोजेपर्यंत थांबलेली शांतता म्हणजे डोंगर. ही वीसच्या पुढे गेली. मागे कुठेतरी एक बाक करकरला. फादरनी कुजबुजरावांकडे पाहिलं. पलीकडून मुलीनं पाहिलं, तिचे ओठ हलले: द्या ना, काका. चष्मेवाल्यांनी बायकोवरची नजर काढून क्षणभर आमच्या बाकाकडे वळवली, आणि त्या नजरेत नुसती विनवणी होती. माझ्या तोंडात तो शब्द येऊन बसला होता. मी दात आवळले. कुजबुजरावांचं बोट ओळीखाली, तसूभरही न हलता. ओठ मिटलेले.

तेव्हा मी शिवणबाईंच्या हाताकडे पाहिलं. उजव्या हाताचं बोट आणि अंगठा एकमेकांना लागलेले होते आणि ते हळूहळू पुढे चालले होते. टाका, टाका, टाका.

मुलगी जागेवरून उठली. एक पाऊल पुढे आली. मी तिच्याकडे बघून माझी दोन बोटं जुळवली आणि शिवल्यासारखी हलवली. का कोण जाणे, तिला कळलं. तिनं आईच्या हाताकडे पाहिलं आणि ती तिथेच उभी राहिली.

शिवणबाईंची बोटं थांबली. त्यांनी नवऱ्याचा हात धरून वर उचलला. नव्या शर्टाच्या बाहीला कडेशी एक दोरा लोंबत होता. दोनशे माणसांतल्या एकालाही तो दिसला नव्हता. बाई वाकल्या, त्यांनी तो दोरा दातांनी तोडला, शिवण पुरी झाल्यावर तोडतात तसा, आणि बाहीवरून अंगठा फिरवून ती सपाट केली. मग मान वर करून, वर्गातल्या शेवटच्या मुलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"आणि बळ सरल्यावर. माझा श्वास आहे तोवर."

पन्नास वर्षांपूर्वीसारखं शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. चष्मेवाल्यांनी तोंडावर हात घेतला. मी आयुष्यात किती वेळा पडद्याआड उभी राहून समोरचं थिएटर हललेलं ऐकलंय, पण तिथे कुणी टाळी वाजवली नाही. नुसते सगळे एकदम उभे राहिले. गुडघ्यांचं दुखणं विसरून मीही उभी राहिले. एकटे कुजबुजराव बसलेले होते. त्यांनी पुस्तिका मिटली, तिच्यावर दोन्ही हात ठेवले आणि मान खाली घातली.

नंतर अंगणात चहा झाला. चष्मेवाले कुजबुजरावांचे दोन्ही हात सोडेनात. "काय सफाई हो तुमची. तो शब्द तुम्ही तिला केव्हा दिलात, मलासुद्धा कळलं नाही."

"हां," कुजबुजराव म्हणाले. "चहा गार होतोय तुमचा."

मी त्यांना कोपऱ्यात गाठलं. "तुम्ही शब्द दिलाच नाहीत. सांगत का नाही त्यांना?"

"काय सांगू? काही केलं नाही, हे सांगू?"

"आणि ती बोललीच नसती तर?"

"तर नसती बोलली, बाई," ते म्हणाले. "मी प्रार्थना करत होतो. तेवढंच हातात होतं. पण त्या शिवत असताना मी मध्ये बोललो असतो, तर ते वचन माझं झालं असतं. नवऱ्याला ते माझ्याकडून थोडंच हवं होतं?" मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "आज मात्र तुम्ही फार छान गप्प बसलात." इतक्या वर्षांत मला मिळालेली ही सगळ्यात मोठी दाद.

पुढच्या गुरुवारी आम्ही पुन्हा त्या जिन्यानं वर गेलो. रविवारचं बाईंना काही आठवत नव्हतं. मुलीनं मला हाताला धरून खुर्चीत बसवलं, मावशी म्हणत चहा दिला. मापं झाली. साडेतेवीस.

मग कुजबुजरावांनी नेहमीप्रमाणे डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. लहानपणापासूनची, रोजची. दोन ओळी झाल्या आणि ते थांबले. मला वाटलं, बाईंना जागा देण्यासाठी थांबले. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे खांदे खाली गेले होते. श्वास सोडलेला होता. शहात्तर वर्षांच्या त्या माणसाला पुढचा शब्द खरोखरच आठवत नव्हता. आणि मला ती प्रार्थना येत नव्हती.

शिवणबाई खुर्चीतून पुढे झुकल्या. समोरचा माणूस कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि अगदी हळू, मागच्या बाकावरून देत असत तसा, शब्द दिला. पहिलाच. दुसरा नाही.

आणि त्या मागे टेकून वाट बघत बसल्या.